बीना-ल्वेन्डोची गाडी आणि मासेखाऊची साक्ष

सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना बीना-ल्वेन्डोनं आपली आकाशी टॅक्सी नव्या लॉजच्या फाटकाशी आणून उभी केली. पाहुणे तिचेच होते. आदल्या दोन दिवसांत तिनं त्या म्हाताऱ्या नवराबायकोला गावातलं संग्रहालय दाखवलं होतं, बाजारात सुकी मासळी हुंगायला लावली होती आणि धबधब्याच्या पायवाटेवर वानरांपासून त्यांची केळी वाचवली होती. आज त्यांना पलीकडून, झिम्बाब्वेच्या बाजूनं पाणी बघायचं होतं. तिनं पुलाअलीकडच्या सीमेच्या चौकीपर्यंत सोडायचं, त्यांनी पासपोर्टवर शिक्के मारून घेऊन पायी पूल ओलांडायचा आणि दुपारी तीनला ती तिथंच उभी असणार, असं ठरलं होतं.

दोघं येऊन मागे बसले. बाईंनी रेनकोट मांडीवर घेऊन दार ओढून घेतलं. तेवढ्यात फाटकावरचा पहारेकरी खिडकीशी आला. मान वर करेना.

"बामा," वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं तो म्हणाला, "यांना उतरवावं लागेल."

"का रे? गाडीत साप शिरलाय?"

"तुमच्या काचेवर हिरवा स्टिकर नाही. आजपासून स्टिकरवाल्या गाडीतूनच पाहुणे पाठवायचे."

"मग लाव की. काच सकाळीच पुसलीय."

"यादीत तुमचं नाव नाही, बामा."

पाहुण्यांना उतरवून मागच्या गाडीत बसवलं. त्या बाईंनी जाता जाता वळून पाहिलं. एखाद्या दुकानात बरी वाटलेली वस्तू उलटी करून बघावी आणि तळाला तडा दिसावा, तशी ती नजर होती. या बाईनं नक्कीच काहीतरी केलं असणार, असं त्यांना वाटलं असेल. वाटणारच. बिनकारण कोण कुणाला यादीतून काढतं? बीना-ल्वेन्डोला गेलेल्या फेरीचं इतकं लागलं नाही, पण ती नजर तिच्या पाठीला गरम कालथा टेकवावा तशी चिकटून राहिली.

तिचं खरं नाव मिलिमो हाबेन्झू. पण थोरल्या मुलाचं नाव ल्वेन्डो, म्हणून सगळं लिव्हिंगस्टन तिला ल्वेन्डोची आई, बीना-ल्वेन्डो, असंच म्हणतं. टोंगा भाषेत ल्वेन्डो म्हणजे प्रवास. पोरगा जन्मला तोच मुळी धबधब्याच्या रस्त्यावर, बापाच्या टॅक्सीत. पुढे हत्तींचा कळप रस्ता अडवून उभा, मागे हिच्या कळा. हत्ती हलले तोवर पोरगा रडत होता. पुढे नवऱ्याची, मून्गाची, साखर डोळ्यांत उतरली आणि एका वर्षात त्याला समोर म्हैस आहे की माणूस ते कळेना. तेव्हा हिनं घर एका हातानं सांभाळून दुसऱ्या हातानं स्टिअरिंग धरलं. धबधब्याच्या रांगेतली पहिली बाई. अकरा वर्षं झाली, गाडीला ओरखडा नाही, माणसाला खरचटलेलं नाही.

देवाचं मात्र तिनं एका दिवसासाठीही मागे टाकलं नाही. तिच्या चर्चमध्ये शनिवार हा देवाचा दिवस, म्हणून शुक्रवारी सूर्य टेकला की गाडीवर चादर पडते, ती शनिवारी सूर्य मावळल्यावरच निघते. शनिवारी पाहुण्यांची झुंबड असते हे तिला कुणी सांगायला नको. ती म्हणते, "झुंबड देवाला पण दिसते."

धबधब्याच्या फाटकासमोर अंजिराच्या झाडाखाली टॅक्सीवाल्यांची रांग लागते. जो आधी आला तो आधी जातो, यात कुणाची वशिलेबाजी चालत नाही. या रांगेतल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या हल्ली त्या नव्या लॉजच्या पाहुण्यांच्या. स्टिकर नसलेली गाडी पुढे आली की तिनं बाजूला व्हायचं, असा हुकूम निघाला होता. म्हणजे बीना-ल्वेन्डोनं दिवसभर रांगेत बसून झाडावरची पाखरं मोजायची. असा एक महिना गेला असता, तर गाडी विकण्यावाचून गत नव्हती.

ती तडक लॉजच्या ऑफिसात गेली. टेबलामागे म्वाका नावाची मुलगी होती. चोविशीतली, पूर्वेकडच्या न्गोनी लोकांपैकी, शहरात शिकलेली, नोकरीला लागून दोन महिने झालेली. यादी तिच्या साहेबांनी केली होती. परदेशातून सहा महिन्यांसाठी आलेले हे ग्रेसन साहेब गाड्यांची सुरक्षितता तपासायला आले होते आणि अजून एकाही टॅक्सीत बसलेले नव्हते.

"माझं नाव का नाही, पोरी?"

म्वाकानं फाइल काढली, बंद केली, पुन्हा काढली. "बामा, तुमच्याबद्दल मत चांगलं आलं नाही."

"कुणाचं मत?"

"सहकारी चालकाचं. रांगेच्या अध्यक्षांचं."

"वाच."

म्वाकानं खालच्या आवाजात वाचलं. चालकाला स्टिअरिंग आणि बैलाची शिंगं यांतला फरक कळत नाही. वळायचं असलं की हात न दाखवता शिट्टी घालते. आंबलेलं दूध पिऊन येते आणि चढावर डुलक्या काढते. हत्ती समोर आला तर गाडी थांबवत नाही, हत्तीच नातेवाईक समजून बाजूला होतो. शनिवारी गाडी काढत नाही, कारण सहा दिवसांत जितक्या प्रवाशांचे प्राण कंठाशी आणले त्यांची देवाकडे माफी मागायची असते. खाली लाल शाईत साहेबांचा शेरा होता: सुरक्षिततेबद्दल गंभीर शंका.

हत्तीपर्यंत आल्यावर बीना-ल्वेन्डोला हसूच फुटलं. एवढी हसली की डोळे पुसावे लागले. मग लाल शाईशी आली आणि हसू जागच्या जागी थिजलं.

"हे तू लिहिलंस?"

"साहेब म्हणाले होते, झाडाखाली जाऊन विचार, शब्दन्‌शब्द उतरवून आण."

"पण मी तिथंच होते. तुझ्या शेजारी बाकावर. चहा पीत होते. मी हसत होते. तू पण हसत होतीस, चांगली पोट धरून."



आता हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगायला हवं. टोंगा आणि लोझी या दोन जमातींत थट्टेचं नातं आहे. आजे-पणजे गेले, पण नातं राहिलं. लोझी माणसानं टोंगाला आपला गुराखी म्हणायचं, टोंगानं लोझीला मासेखाऊ म्हणायचं, मयताच्या घरीसुद्धा सोडायचं नाही. यात राग धरला तर धरणाराच वेडा ठरतो. आणि रांगेचा अध्यक्ष बो-इमासिकू हा पश्चिमेकडचा, पुराच्या मैदानातला अस्सल लोझी. साठी उलटलेला, डोकं वाटीसारखं गुळगुळीत. अकरा वर्षांत त्यानं बीना-ल्वेन्डोला एकदाही सरळ हाक मारली नव्हती. ती आली की म्हणायचा, "उठा रे, गुराखीण आली, गुरं बांधायला जागा करा." ती म्हणायची, "आधी तुझ्या तोंडातला काटा काढ, मासेखाऊ, मग बोल." एवढं झालं की दोघांचा दिवस सुरू व्हायचा.

"तुमचे थट्टेचे नातेवाईक कोण गं?" तिनं म्वाकाला विचारलं.

"बेम्बा."

"तुझे आजोबा गेले तेव्हा बेम्बांनी काय केलं?"

म्वाकानं ओठ चावला. "एक जण कबरीच्या खड्ड्यात उतरून बसला. म्हणाला, या म्हाताऱ्यानं आमची बिअर चोरून प्यायलीय, तो इथं झोपणार नाही."

"मग तू पोलिसात वर्दी दिलीस का? लाल शाईनं?"

"नाही, बामा."

"मग माझीच का दिलीस?"

म्वाका म्हणाली, मला वाटलं साहेब वाचून हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी लाल पेन काढला. आणि तेव्हा बोलायचं मला धाडस झालं नाही.

बीना-ल्वेन्डोला त्या परक्या माणसाचा तेवढा राग आला नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. जिला सगळं ठाऊक होतं ती गप्प बसली, याचाच तिला संताप आला. रस्त्यात खड्डा आहे हे माहीत असून जो मागच्याला हाक देत नाही, त्याला काय म्हणायचं? ती उठली आणि एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी येते. तुझ्या साहेबाला बसवून ठेव."

अंजिराखाली बो-इमासिकू भाजलेलं मक्याचं कणीस खात होता. तिला बघताच तो सुरू झाला, "काय गं गुराखिणी, आज गुरं मोकळी सोडून..." आणि तिचा चेहरा पाहून थांबला. तिनं सगळं सांगितलं. आधी तोही हसला. मग कणीस हातात तसंच राहिलं.

"लिहिलं? खरंच लिहिलं?"

"हत्तीसकट."

"हत्तीचं तर मला बोलता बोलता सुचलं होतं." त्यानं डोक्यावरून हात फिरवला. "आणि तुझं माझ्याबद्दलचं? मी मासा बघून ब्रेक दाबतो, ते?"

"तुझ्याबद्दल कुणी विचारलंच नाही. अध्यक्षाला आपोआप स्टिकर."

"म्हणजे मासेखाऊ सुरक्षित आणि गुराखीण धोक्याची. जगाचा न्याय आहे हा." पण त्याला हसू आलं नाही. त्यानं कणीस झाडाच्या बुंध्याशी ठेवून दिलं. "मी येतो उद्या."

दुसऱ्या दिवशी दोघं ऑफिसात गेले. ग्रेसन साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि घड्याळ बघून सांगितलं की साडेनऊला त्याची बैठक आहे. मग सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "यावर सोपा उपाय आहे. श्री. इमासिकू यांनी लिहून द्यावं की आपण खोटी माहिती दिली आणि या बाईंची माफी मागितली. मी लगेच नाव घालतो."

"आणि खोटी माहिती देणाऱ्याचा स्टिकर?" बो-इमासिकूनं विचारलं.

"तो मग ठेवता येणार नाही. नियम आहे."

बो-इमासिकूनं टेबलावरचा पेन उचलला. मग तो बीना-ल्वेन्डोकडे वळला, छातीशी दोन्ही हात जुळवून लोझी रीतीनं हळू टाळी वाजवली आणि म्हणाला, "बीना-ल्वेन्डो, माझ्या तोंडून जे गेलं त्याबद्दल आपण मला..."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिला नावानं हाक मारली होती. वर 'आपण' म्हणाला होता. घरातलं कुणी गेल्याचा निरोप सांगायला आलेला माणूस असा बोलतो.

"तोंड आवर," ती म्हणाली. "माझ्याशी असं आदरानं बोलशील तर याद राख."

"अगं, पण तुझी गाडी..."

"गाडी गेली तर दुसरी येईल. आज तू माफी मागशील, उद्या मला तुला मासेखाऊ म्हणायची लाज वाटेल. मग माझ्या मयताला येऊन कोण शिव्या देणार? पाद्री? ठेव तो पेन खाली."

त्यानं पेन ठेवला. ग्रेसन साहेब एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. "मला कळत नाही. यांनी तुमची बदनामी केली आणि तुम्हाला माफी नको?"

"साहेब, यानं काही केलं नाही. यानं थट्टा केली, ती त्याची पाळी होती. ती थट्टा आहे हे या खोलीत एका माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं." ती म्वाकाकडे बघत नव्हती. सरळ समोर, भिंतीवरच्या धबधब्याच्या फोटोकडे बघत होती. "मी त्या माणसाची वाट बघतेय. मला घाई नाही. माझ्या गाडीला काही काम नाही सध्या."

वाट बघायला ती खरंच बसली. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. चर्चमध्ये लांबलेल्या प्रार्थनेला बसते तशी. साहेबानं घसा साफ केला. बो-इमासिकूनं छताकडे पाहिलं.

"सर," म्वाका म्हणाली. "मला ठाऊक होतं. तिथं सगळे हसत होते. या स्वतः हसत होत्या. टोंगा आणि लोझी असंच बोलतात, तसं बोलले नाहीत तर भांडण झालंय असं समजतात. मी ते कागदावर लिहिलं नाही. तुम्ही शेरा मारलात तेव्हाही मी बोलले नाही."

"का?"

"नोकरी नवी होती, सर."

ग्रेसन साहेबाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो तिच्यावर ओरडला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्यानं फाइल ओढली आणि म्हणाला, "ठीक आहे. इथं खाली खुलासा जोडतो. वरील विधानं स्थानिक प्रथेनुसार विनोदानं केलेली आहेत."

"म्हणजे वरचं तसंच राहणार?"

"कागद फाइलमधून काढता येत नाही. पण खुलासा..."

"तुम्ही सहा महिन्यांनी जाल," बीना-ल्वेन्डो म्हणाली. "तुमच्या जागी दुसरा येईल. तो वरून वाचायला लागेल की खालून? ताटात माशी पडली तर तुम्ही शेजारी चिठ्ठी ठेवता का, की ही माशी आहे म्हणून? ताट बदला." तिचा आवाज आता चढला होता. "माझ्याबद्दल अख्खा कागद भरलात आणि मला एक प्रश्न विचारला नाहीत. माझा परवाना कुणी बघितला नाही. माझ्या गाडीचे ब्रेक कुणी दाबून बघितले नाहीत. इथून धबधबा दहा किलोमीटरवर आहे, एकदा मागे बसून आला असता तर कळलं असतं. एवढी मोठी शंका, आणि ती दूर करायला कुणाला खुर्चीतून उठवेना?"

साहेबानं पेनचं टोपण काढलं, घातलं. मग म्वाकाला नवा कोरा तक्ता आणायला सांगितलं आणि जुना कागद फाइलमधून काढून मधोमध फाडला.

म्वाका लिहायला बसली. परवान्याचा नंबर. किती वर्षं. अपघात. बीना-ल्वेन्डो एकेक उत्तर सावकाश, ठासून देत होती, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं. मग सहकारी चालकाचं मत हा रकाना आला आणि सगळ्यांनी बो-इमासिकूकडे पाहिलं.

"माझं मत तेच आहे," तो म्हणाला. "टोंगांना गाडी येत नाही."

"श्री. इमासिकू," साहेब काकुळतीला आला.

"मला विचारू नका. माझ्या आईला विचारा. एक्याण्णव वर्षांची आहे. दर महिन्याला दवाखान्यात न्यावी लागते. माझी गाडी दारात उभी असते आणि म्हातारी अंगणात बसून राहते, गुराखिणीला बोलव म्हणते. माझ्या गाडीत तिला उलटी होते." त्यानं नाक खाजवलं. "हे लिहायचं तर लिहा. आईचं मत म्हणून. माझं नाही."

"वय झालंय म्हातारीचं, मासे खाऊन खाऊन डोकं फिरलंय," बीना-ल्वेन्डो म्हणाली.

म्वाकानं विचारलं, "हे पण लिहू?"

"तू विचारायला शिकलीस. हे नको लिहूस."

म्वाकाच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं, पण बीना-ल्वेन्डो हसली नाही. म्वाकाशी हसण्याइतका तिचा राग निवला नव्हता आणि तो निवल्यासारखं दाखवायचीही तिला गरज वाटत नव्हती. तिनं कागद आपल्याकडे ओढला, पिशवीतून चष्मा काढला, अंगावरच्या कापडाच्या टोकानं पुसला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. बोट मुंगीच्या चालीनं सरकत होतं. साडेनऊ होऊन गेले. बाहेरून कुणीतरी डोकावून साहेबांना खूण करून गेलं.

शेवटच्या ओळीशी बोट थांबलं. तिथं आधीच छापलेलं होतं: माझं नाव यादीत घ्यावं ही नम्र विनंती.

"हे खोड."

"ते सगळ्यांच्या तक्त्यावर असतं, बामा. छापीलच आहे."

"सगळ्यांनी विनंती केली असेल. मी केलेली नाही. माझं नाव चुकून गेलं होतं, ते चूक करणाऱ्यांनी परत ठेवलं. एवढंच लिही."

म्वाकानं साहेबाकडे पाहिलं. साहेबानं मान हलवली. तिनं छापील ओळीवर रेघ मारली आणि वर हातानं नवी ओळ लिहिली. शब्द थोडे वाकडे आले.

"झालं ना आता?" ग्रेसन साहेब उठत म्हणाला. "सही करा, मला खरंच..."

"बसा," बीना-ल्वेन्डो म्हणाली आणि कागद उलटला. "अजून मागची बाजू वाचायची आहे."